बेडोकची मिसेस लिम

ग्रासिएला गेल्यावर तिची बातमी दोन ठिकाणी आली. दोन्हीकडे जवळपास एकच वाक्य होतं: सिंगापूरला आपलं दुसरं घर मानणाऱ्या परदेशी अभिनेत्रीचं निधन. मी ते वाचलं आणि पेन्सिल घेऊन 'दुसरं' आणि 'परदेशी' या दोन शब्दांवर काट मारली. ती असती तर घरात बसून काट मारली नसती. पत्ता शोधून त्या कचेरीत गेली असती, ज्याने लिहिलं त्याला बोलावून घेतलं असतं आणि विचारलं असतं, "पहिलं घर कुठलं, ते तुला कोण सांगून गेलं?" तेवढं धाडस माझ्यात नाही. म्हणून हे लिहायला बसले.

तिला सगळे चेला म्हणत. पेरूमध्ये ग्रासिएला नावाचं लाडकं रूप चेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, "आमच्या मराठीत चेला म्हणजे शिष्य. गुरूच्या मागे मागे फिरणारा."

तिने लगेच विचारलं, "कुणाच्या मागे?"

"कुणाच्याही."

"मग नाव राहू दे," ती म्हणाली, "पण तुमच्या लोकांना सांगून ठेव, ही कुणाच्याच मागे फिरत नाही."

मलाही तिने स्वतःचं नाव दिलं. अनुराधा तिच्या जिभेला जड, अनु तिला अपुरं वाटे. तिने अनिता केलं ते कायमचं.

आमची ओळख यिशुन भागातल्या एका कॉन्डोत, म्हणजे महागड्या खासगी फ्लॅटमध्ये झाली. मी तेव्हा तांजोंग पगारच्या एका जुन्या दुकानघराच्या माडीवर चालणाऱ्या, मालिका बनवणाऱ्या कंपनीत नवीन लागले होते. माझं काम कंटिन्युइटीचं, म्हणजे नटाने मागच्या शॉटमध्ये कप कुठल्या हातात धरला होता, केस कानामागे होते की पुढे, कोणतं वाक्य कसं बोललं, हे सगळं टिपून ठेवायचं. श्रीमंत कुटुंबाची मालिका होती. त्यासाठी तो कॉन्डो भाड्याने घेतला होता आणि चेलाला मोलकरणीचं काम होतं.

पहिल्याच शॉटच्या आधी दिग्दर्शक तिला म्हणाला, "जरा फिलिपिनो बाईसारखं बोल."

"का?"

"मोलकरीण फिलिपिनो आहे."

"मी पेरूची आहे."

"कुणाला कळणार आहे?"

चेलाने कंबरेचा ॲप्रन सोडला. चिडून भिरकावला नाही. इस्त्रीच्या दुकानात घडी घालतात तशी घडी घालून सोफ्याच्या हातावर ठेवला. "फिलिपिनो लोकांना कळेल," ती म्हणाली. "या शहरात फिलिपिनो नट्या आहेत. मला एक माहीत आहे, माझ्यापेक्षा बरी आहे. तिचा नंबर देते. ती येईपर्यंत मी इथे बसते, म्हणजे तुमचा दिवस वाया गेला असं कुणी म्हणायला नको."

आणि ती खरंच बसली. दोन तासांनी ती दुसरी बाई आली, तेव्हा चेलाने तिला कुठे उभं राहायचं, प्रकाश कुठून येतो, ते दाखवलं आणि पर्स उचलून निघाली. मी लिफ्टपर्यंत तिच्यामागे गेले. का गेले ते मलाही सांगता येणार नाही. लिफ्टची वाट बघताना कळलं की दोघीही बेडोकला राहतो, मधे फक्त दोन इमारती.

उंची पाच फुटांच्या आतच. गालांची हाडं रुंद, रंग तांबूस सावळा, पाठीवर जाड वेणी. तिला नऊवारी नेसवून नाशिकच्या भाजीबाजारात उभं केलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. बेडोकच्या बाजारात तर नवखे लोक तिच्याशी कधी तमिळमध्ये बोलत, कधी मलायमध्ये. सगळ्यांना ती हॉक्कियनमध्ये उत्तर द्यायची, चिनी म्हाताऱ्यांच्या बोलीत. ती बोली तिला सासूने शिकवली होती. तिचा नवरा लिम जहाजावर इंजिनियर होता. पेरूची राजधानी लिमा, तिच्याजवळच्या बंदरात दोघांची भेट झाली, लग्न करून ती इथे आली, आणि लिम वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात उरल्या सासू आणि सून. सासूला इंग्रजीचा गंध नाही, सुनेला चिनीचा नाही. मग सुनेनेच सासूची भाषा उचलली. इंग्रजी त्यानंतर आलं, तेही बाजारातलं, त्यामुळे चेलाच्या बोलण्यात स्पॅनिशचा खणखणीत 'र' आणि सिंगापूरचं 'लाह' एकाच वाक्यात नांदत असत.

आमचं बोलणं त्या इंग्रजीतच चाले. इंग्रजीत 'यू' म्हटलं की सुटका होते, पण मनातल्या मनात मी अडखळायची. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी बाई, तिला अहो म्हणायचं की अगं? शेवटी मावशीला म्हणतो तसं अगं म्हणायचं ठरवलं. माझी मुलगी इरा मात्र तिला बघून पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आई, आंटी चेला व्हेरी फिअर्स, लाह." ते चेलाने ऐकलं आणि इराला दोन आंबे दिले.

तिच्याकडे एक लाल पेन्सिल असे. कुठलीही संहिता हातात आली की ती आधी स्वतःची वाक्यं काढायची आणि प्रश्नचिन्हांभोवती गोल करायची. 'चहा आणू, मॅडम?' 'दार लावू?' 'साहेब कधी येणार?' पान लाल गोलांनी भरून जायचं. "बघ," ती मला म्हणायची, "ही बाई नुसती विचारते. तिला काहीच माहीत नाही. मी घर सांभाळणाऱ्या बायकांत वाढले, अनिता. माझी आई दुसऱ्याचं घर सांभाळायची. त्या घरात सगळं तिलाच ठाऊक असायचं. हे लिहिणाऱ्यांच्या घरात कधी कुणी काम केलं नाही वाटतं." मग लेखकाकडे जाऊन ती एकच मागणं करायची, की एखाद्या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्या. कधी मिळायचा, बहुतेकदा मिळायचा नाही.

हा राग इथला नव्हता, तिकडचा होता. एकदा तिने मला एक जुनी व्हिडिओ कॅसेट दाखवली. ती यंत्रात घालताना धूळ फुंकली, दोनदा काढली, दोनदा घातली. लिमा शहरात असताना तिने एका लोकप्रिय मालिकेत काम केलं होतं. ती मालिका पुढे जगभर विकली गेली, आणि बऱ्याच वर्षांनी दुसऱ्यांच्या आवाजात सिंगापूरच्या टीव्हीवर लागली. तिची सासू रोज दुपारी ती बघायची. एक दिवस सासूने विचारलं, "तुझ्या देशात सगळ्यांचे केस पिवळे कसे? आणि तू अशी कशी?"

चेला म्हणाली, "थांबा. आत्ता दार उघडेल. ट्रे घेऊन येते ती बघा."

दार उघडलं. ट्रे घेऊन बावीस वर्षांची चेला आत आली, ट्रे टेबलावर ठेवला आणि मागे सरली. चार सेकंद. एक वाक्य होतं, तेही दुसऱ्याच बाईच्या आवाजात. श्रेयनामावलीत नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो भाग पुन्हा लागायचा होता, तेव्हा सासूने मजल्यावरच्या अकरा घरांची दारं ठोठावली. हॉलमध्ये म्हाताऱ्या दाटीवाटीने बसल्या. ट्रे आला तशी सासू काठी आपटून ओरडली, "माझी सून! बघा, कप हलला का? एक तरी कप हलला का?" कुणीतरी तो भाग टेप केला. तीच ही कॅसेट.

"माझा पहिला पुरस्कार," चेला मला म्हणाली. मग टीव्ही बंद करून म्हणाली, "तिकडे माझ्या चेहऱ्याच्या बाईला ट्रे देतात. अर्धी पृथ्वी ओलांडून इकडे आले, तर इथेही ट्रे. म्हणजे दोष माझ्या चेहऱ्यात नसणार. ट्रे देणाऱ्यांचंच काहीतरी बिघडलेलं आहे."

रविवारी सकाळी तिच्या घरी तीन-चार जण जमत. सिंगापूरच्या मालिकांत छोटीमोठी कामं करणारे, स्पॅनिश बोलणारे. एक मेक्सिकोचा तरुण, त्याला कायम अफूचा व्यापारी करायचे. एक कोलंबियाची बाई, ती कायम नाचायची. नाचता येत नाही हे तिने सांगूनही उपयोग नव्हता. चेला माशांना लिंबू लावून ठेवायची आणि सगळ्यांच्या संहितांवर लाल पेन्सिल चालवायची. एकदा लिमाहून फोन आला, की तिच्यासारख्याच चेहऱ्याच्या एका मुलीला तिकडच्या मोठ्या मालिकेत नायिकेचं काम मिळालं. त्या दिवशी चेलाने दुप्पट मासे आणले आणि त्या मुलीला ओळखत नसतानाही तिच्या नावाने टेबलावर एक ताट वाढून ठेवलं.

मग नादियाची मालिका आली. नादिया ही आमच्याकडची तिशीतली मलाय लेखिका. एका सरकारी वसाहतीतल्या इमारतीची गोष्ट तिने लिहिली होती. त्यात एक पात्र होतं मिसेस लिम. वय साठ, सिंगापूरची नागरिक, नवरा नुकताच वारलेला, आणि दीर मागे लागलेला की घर विकून टाक. या भूमिकेसाठी चार चिनी नट्यांना बोलावलं होतं. मी बाहेर टेबलापाशी नावं टिपत बसले होते. चार जणी झाल्या आणि पाचवी म्हणून चेला आत शिरली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मीही तिला काही सांगितलं नव्हतं. तिने कुठून काढलं देव जाणे.

आमचा निर्माता डेस्मंड वरती बघून म्हणाला, "चेला, आज तुझ्यासाठी काही नाही."

चेलाने पर्समधून आपलं नागरिकांना मिळणारं गुलाबी ओळखपत्र काढून त्याच्यासमोर ठेवलं. "तुझ्या कागदावर काय लिहिलंय? मिसेस लिम, साठ, सिंगापूरची. मी मिसेस लिम. मी एकसष्ट. हे सिंगापूरचं कार्ड. नवरा मागच्या वर्षी गेला. अजून काय हवं?"

"प्रेक्षकांना पटणार नाही."

"प्रेक्षक रोज सकाळी माझ्या शेजारी उभे राहून कोळंबी निवडतात. पस्तीस वर्षं झाली. त्यांना केव्हाच पटलंय. तुझंच राहिलंय."

नादिया हसली. तिने डेस्मंडकडे न बघता संहितेची पानं चेलापुढे सरकवली. चेलाने पेन्सिल काढली, पानं चाळली, आणि पेन्सिल परत पर्समध्ये ठेवली. त्या पानांत गोल करण्यासारखं तिला काही सापडलं नव्हतं. भूमिका तिला मिळाली.

सहा भाग चित्रित झाल्यावर वाहिनीच्या वरच्या लोकांकडून निरोप आला, की बाईचं काम उत्तम आहे, पण उच्चार कानाला खटकतात, आवाज दुसऱ्या कुणाचा तरी घालू. चेला कबूल होणार नाही हे डेस्मंडला माहीत होतं. त्यामुळे त्याने दुसरी वाट काढली. तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "घर विकणार नाही म्हणते त्या प्रसंगाच्या टिपणात लिही, ध्वनी अस्पष्ट, डबिंग आवश्यक. म्हणजे तांत्रिक बाब होईल."

ध्वनी आरशासारखा स्वच्छ होता. पण पंधरा दिवसांत माझा पास, म्हणजे सिंगापुरात राहून काम करायचा परवाना, नूतनीकरणाला जायचा होता, आणि तो पाठवणं कंपनीच्या हातात होतं. इराची शाळा होती. मी लिहिलं. ध्वनी अस्पष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडोक स्टेशनवर चेला माझी वाट बघत उभी होती. डबिंगचं तिच्या कानावर आलं होतं. नेहमीप्रमाणे आम्ही एमआरटीत, इथल्या मेट्रोत, शेजारी बसलो.

"ते तू लिहिलंस?"

"हो."

युनोस स्टेशन गेलं, पाया लेबार गेलं. कलांगनंतर गाडी जमिनीखाली शिरली आणि काळ्या काचेत आम्ही दोघी दिसायला लागलो. मी त्या काचेतल्या चेलाकडे बघून म्हटलं, "माझा पास—"

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे पास आहे, माझ्याकडे कार्ड. ज्याला हाकलता येत नाही त्याने पुढे उभं राहायचं. पण मागे उभी राहिलीस तर मला सांगून राहा. मला मागे वळून बघायची सवय नाही."

तेवढंच बोलली. आवाजही चढला नाही. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ती तडक डेस्मंडकडे गेली. दार उघडंच होतं, सगळ्यांनी ऐकलं. "उद्या सकाळी सात वाजता बेडोकच्या बाजारात ये. नादियालाही आण. मी ते घराचं बोलणं जसंच्या तसं मासेवाल्यासमोर म्हणेन. त्याला काही सांगणार नाही. त्याने एकदा जरी 'काय?' म्हटलं, तर खुशाल माझा आवाज काढून टाक. मी सही करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं, डेस्मंड, नादिया आणि मी, बर्फाच्या पेट्यांच्या आडोशाला उभे राहिलो. डेस्मंडच्या कातडी बुटांखाली माशांचं पाणी वाहत होतं. चेला नेहमीच्या जागी गेली. मासेवाला सेंग अंकल एक पापलेट साफ करत होता.

"आज गप्प का?" त्याने विचारलं.

चेलाने सुरुवात केली. "दीर आला होता. म्हणतो, वहिनी, तो गेला, आता एवढं घर एकटीला कशाला? विका आणि आपल्या माणसांत जा. मी म्हटलं, या घराच्या खिडक्या मी पस्तीस वर्षं पुसल्या. त्याची आई माझ्या मांडीवर गेली, याच खोलीत. तो जहाजावरून यायचा तेव्हा खालून हाक मारायचा, आणि कितव्या मजल्यावर दिवा लागतो ते बघत उभा राहायचा. आता मी दिवा विझवून कुठे जाऊ? जिथे जायचं होतं तिथे मी केव्हाच पोचलेय."

ते शब्द नादियाचे होते, चेलाला भूमिका मिळाल्यावर तिच्याशी बोलून लिहिलेले. मी ते सेटवर अकरा वेळा ऐकले होते, कुठला शब्द कधी येणार ते मला पाठ होतं.

सेंग अंकलची सुरी थांबली होती. त्याने हात फडक्याला पुसले. "विकू नकोस," तो म्हणाला. "अजिबात विकू नकोस, मिसेस लिम. कोण आहे तो दीर? त्याला इकडे पाठव. मी बोलतो." बाजूची भाजीवाली बाईही पुढे आली. तिने न विचारताच चेलाच्या पिशवीत पातीच्या कांद्याची जुडी कोंबली.

चेला वळली. बर्फाच्या पेटीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "डेस्मंड, यांना ऐकू आलं. तुला?"

डेस्मंड बाहेर आला. म्हणाला, "आलं." सेंग अंकलला हे सगळं नाटक होतं असं कळलं, तेव्हा तो असा रागावला की आठवडाभर त्याने चेलाशी बोलणं टाकलं. मासे मात्र चांगलेच द्यायचा.

त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी टिपणाचं ते पान बदललं. ध्वनी स्वच्छ, असं लिहिलं आणि खाली सही केली. डेस्मंडने पान बघितलं आणि फायलीत लावलं. माझा पासही मिळाला. पण मी सही केली तेव्हा तो मिळेल की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि या सगळ्यात माझ्या वाट्याला अभिमानाचं असं तेवढंच आहे.

मालिका गाजली. लोक चेलाला रस्त्यात थांबवू लागले. घर विकलं नाहीस ना, असं विचारायचे. वर्षअखेरीस पुरस्कारांचं पत्र आलं. तिला नामांकन होतं, 'विशेष पाहुणे कलाकार, परदेशी' या विभागात. पेढे घेऊन मी तिच्या घरी गेले, तर ती ते पत्र हातात धरून उभी होती.

"पाहुणे म्हणजे कोण?" तिने मला विचारलं.

मला आमच्याकडच्या पंगती आठवल्या. मी तिला सांगितलं, की लग्नकार्यात आपली माणसं आत माजघरात जेवायला बसत. काही लोकांना मात्र बाहेर ओसरीवर पान मांडत. जिलबी तीच, भात तोच, वाढणारेही तेच. पण पान बाहेर.

"आणि ते जेवायचे?"

"जेवायचे."

"का?"

मी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला.

तिने नामांकन परत केलं. हाताने पत्र लिहिलं, तीन ओळींचं. मी याच शहराची नागरिक आहे, ही भूमिका या शहरातल्या बाईची आहे, मला सहायक अभिनेत्रींच्या विभागात घ्या नाहीतर घेऊ नका. त्यांनी घेतलं नाही. लोक तिला शिष्ट म्हणाले. डेस्मंड दोन दिवस डोकं धरून बसला. मेक्सिकोच्या तरुणाने तर समजूत घातली, "चेला, आपल्यापैकी कुणाला तरी काहीतरी मिळत होतं." त्यावर ती त्याला म्हणाली, "आपल्यापैकी एकाने ते घेतलं की तुम्हा सगळ्यांसाठी तेवढंच मोजून ठेवतील."

पुढच्या वर्षी मालिकेचं दुसरं पर्व आलं, आणि तिचं नाव सहायक अभिनेत्रींच्या यादीत आलं. पाच नावांत तिसरं. समारंभाला तिने सासूच्या जेडच्या बांगड्या घातल्या होत्या. बक्षीस दुसरीला मिळालं. कॅमेरा चेलाकडे वळला, तेव्हा ती उभी राहून टाळ्या वाजवत होती, सगळ्यांच्या आधी उभी राहिलेली.

परतताना टॅक्सीत मी म्हटलं, "वाईट वाटलं."

"वाटू दे की," ती म्हणाली. "आज मी बाकीच्या तिघींसारखी हरले. आत पंगतीत बसून हरले, अनिता. केवढं बरं वाटतंय." आणि ती बेडोक येईपर्यंत स्पॅनिशमध्ये काहीतरी गुणगुणत होती.

तिसऱ्या पर्वाच्या वेळी तिच्या पोटातला आजार निघाला. डॉक्टरांनी जास्तीत जास्त चार-पाच दिवसांचं काम करा म्हणून सांगितलं. वरच्या लोकांनी सोपा मार्ग काढला. मिसेस लिम एका फोनवर सांगते, की मी माझ्या देशात परत जाते आहे, आणि विमानाचं एक दृश्य. नादियाने ते रडत लिहिलं आणि रडतच तिला वाचायला दिलं.

चेलाने वाचलं. तोवर ती फार बारीक झाली होती, वेणी गेली होती, डोक्याला रुमाल होता. पण तांजोंग पगारच्या त्या माडीवरच्या लाकडी जमिनीवर तिने टाच आपटली ती खालच्या कॉफीच्या दुकानात ऐकू गेली असेल.

"दोन पर्वं ही बाई ओरडून सांगते, मी कुठे जाणार नाही. तिसऱ्या पर्वात तिला विमानात बसवता?"

"चेला, तुझ्या तब्येतीसाठी—" डेस्मंड म्हणाला.

"माझ्या तब्येतीचं मी बघते. मिसेस लिमला मारा. तिच्या घरात मारा, तिच्या इमारतीखाली तिचं सगळं करा, शेजाऱ्यांना रडू दे. पण परत पाठवू नका." मग नादियाकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "पोरी, मी मरायला घाबरत नाही, तू लिहायला घाबरतेस. लिही."

नादियाने लिहिलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी चेला खरंच गेली. मी तेव्हा वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी ठाण्यात होते, मला पोचता आलं नाही. त्यामुळे माझ्यापुरतं तिचं अंत्यदर्शन ते मिसेस लिमच्या अंत्यविधीच्या चित्रीकरणाच्या दिवसाचंच.

यिशुनच्या एका इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर आम्ही अंत्यदर्शनाचा देखावा उभा केला होता. सिंगापुरात लग्नही तिथेच होतं आणि मयतही. पिवळी-पांढरी फुलं, गोल टेबलं, बशांमधून शेंगदाणे, मधोमध तिचा मोठा फोटो आणि त्यापुढे शवपेटी. शवपेटीत झोपणाऱ्या नटाला अशुभ टळावं म्हणून पैशांचं लाल पाकीट देतात. ते डेस्मंडने स्वतः दोन्ही हातांनी तिला दिलं. तिने ते उशाशी ठेवलं, आणि दोघांचा आधार घेऊन आत जाऊन झोपली.

दुपारचे तीन वाजले होते. दिवे जुळवणं चालू होतं. तेवढ्यात बाजाराची ढकलगाडी घेऊन एक म्हातारी लिफ्टकडे निघाली. फोटो दिसला तशी थबकली. "मिसेस लिम!" ती म्हणाली आणि गाडी तिथेच सोडून पुढे आली. फोटोसमोर हात जोडून तीनदा वाकली आणि रडायला लागली. तोंडाने हॉक्कियनमध्ये काहीतरी पुटपुटत होती. आम्ही वीस-पंचवीस माणसं उभी होतो, पण हे शूटिंग आहे हे तिला सांगायचं धैर्य एकालाही झालं नाही.

शवपेटीच्या कडेवर पाच बोटं आली. चेला उठून बसली.

ती म्हातारी दचकली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तिने नुसतं डोळे पुसून नीट बघितलं. पुढे होऊन चेलाचं मनगट धरलं. त्यांचं हॉक्कियनमधलं बोलणं नंतर डेस्मंडने मला सांगितलं.

"मला वाटलं तू गेलीस," म्हातारी म्हणाली.

"कुठे जाणार? इथेच आहे."

"किती हडकलीस. जेवतेस का नीट?"

"हे एवढं मरून झालं की जेवते, आंटी. तुम्ही बसा ना."

म्हातारी पहिल्या रांगेत जाऊन बसली. ढकलगाडी कुणीतरी बाजूला घेतली. चेला पुन्हा आडवी झाली, स्वतःच्या हाताने कॉलर सारखी केली, आणि डोळे मिटून दिग्दर्शकाला म्हणाली, "करा सुरू."